बिनवातीचा दिवा

मोहटोल्याच्या मांडवात त्या मंगळवारी दीडशे-दोनशे माणसं बसली होती आणि एवढ्या गर्दीत एकही लेकरू रडत नव्हतं. सगळ्यांचे डोळे एका दिव्याकडे लागले होते. गुडघ्याएवढी पितळी समई, भगव्या कापडानं मढवलेल्या लाकडी पेटीवर ठेवलेली. तिच्यात तेल नव्हतं, वातही नव्हती. वातीच्या जागी ज्योतीच्या आकाराची पिवळी काच बसवलेली होती. समईपासून दहा हातांवर, वाघाच्या कातड्याची नक्षी छापलेल्या चादरीवर महाराज बसले होते. खरं कातडं असतं तर वनखात्यानं त्यांना केव्हाच उचललं असतं.

“तेल पाहा, नाई. वात पाहा, नाई. तार पाहा, तेबी नाई,” महाराज सांगत होते. “मंग हा जळते कायच्यावर? तुमच्या भक्तीवर जळते. मी काईच करत नाई बाप्पा. मी फक्त विचारतो.”

विचारण्याची पद्धत अशी होती. ज्याला अडचण असेल त्यानं पुढं यायचं, नारळ ठेवायचा, काय झालं ते सांगायचं. मग महाराज दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवून, डोळे मिटून दिव्याला प्रश्न करायचे. काच उजळली तर हो, काळी राहिली तर नाही. मांडवाला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली होती, त्यामुळं भर दुपारीही आत दिवस मावळल्यासारखं वाटायचं आणि काचेचा उजेड पुढच्या चेहऱ्यांवर पडलेला दिसायचा. आष्टीच्या पुलाकडून, अहेरीच्या रस्त्यानं, जीपगाड्यांतून, सायकलींवरून लोक येत. गावात तेव्हा वीज नव्हती. खांब उभे होते, पण तारा फक्त आमच्या आश्रमशाळेपर्यंत आल्या होत्या. मी त्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, आणि हा दिवा कशावर लागतो ते मला सांगता येत नव्हतं.

गुरुवारपर्यंत उजेड थोडा मंद व्हायचा. महाराज म्हणायचे, भक्ती कमी पडून राह्यली. शुक्रवारी-शनिवारी ते मौन धरायचे आणि एक जड पिशवी सांभाळत एसटीनं आष्टीला जायचे. रविवारी भक्ती पुन्हा काठोकाठ भरलेली असायची.

२००४ सालचा जानेवारी होता. त्या मंगळवारी नारळ घेऊन पत्रू उठला.

पत्रू म्हणजे माझ्या सहावीच्या वर्गातल्या करिश्माचा बाप. दोन एकर धान, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता, यावर त्याचं घर चालायचं. त्याची बायको सोमारी आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात भात रांधायची. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी तिचा खोकला थांबेना, अंग वाळत चाललं, तेव्हा मीच दोघांना घेऊन आरोग्य केंद्रात गेलो होतो. थुंकी तपासली, क्षय निघाला. सहा महिन्यांच्या औषधाचा डबा तिच्या नावानं आला. आठवड्यातून तीनदा उपकेंद्रात जाऊन सिस्टरच्या समोर गोळ्या गिळायच्या. त्याला आता तीन महिने झाले होते. खोकला गेला होता, दंडाला मांस धरलं होतं, ती मुलींच्या पंगतीत पुन्हा थट्टा करायला लागली होती. क्षयाच्या माणसाला खरा धोका असतो तो याच दिवसांत, कारण त्याला वाटतं की आपण बरे झालो.

पत्रूनं हात जोडून सगळं सांगितलं. गोळ्या घेतल्या की बायकोला मळमळतं. जेवण जात नाही. आणि लघवी लाल होते, रक्तासारखी लाल. तीन महिने हे चाललं आहे. तिच्या अंगातलं रक्तच वाहून चाललं की काय, या भीतीनं त्याला झोप लागत नव्हती.

महाराजांनी डोळे मिटले. “देवा, या माऊलीनं गोळ्या घ्याव्या का?”

काच काळीच राहिली.

“रक्त चाललं ते गोळ्यायनं चाललं का?”

काच उजळली. मांडवात एक लांब सुस्कारा पसरला.

“मंग बंद कराव्या का?”

उजेड तसाच राहिला, शांत आणि पिवळा. पत्रूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला सुटल्यासारखं वाटलं असणार.

मी उठून उभा राहिलो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नको, अर्धवट सोडलेला क्षय आणखी वाईट होऊन परततो, असं काहीतरी मी बोललो. लघवी लाल का होते हे मात्र मला ठाऊक नव्हतं, आणि ते मला ठाऊक नाही हे माझ्या बोलण्यात ऐकू येत होतं. पत्रूनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

“गुरुजी, तुमी म्हणता घे. दिवा म्हंते नोको घेऊ. तुमाले सरकार पगार देते. दिव्याले कोन देते?”

लोक मला हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सरकून मला खाली बसायला जागा करून दिली.

सोमारीनं गोळ्या सोडल्या. सिस्टर सायकल मारत दोनदा तिच्या घरी गेली, दोन्ही वेळा सोमारी मागच्या वाटेनं रानात निघून गेली. मी गेलो तेव्हा ती घरी होती. तिनं मला गुळाचा काळा चहा दिला आणि सांगितलं की आता बरं वाटते, भूक लागते, लाल होणंही थांबलं. ती खोटं बोलत नव्हती. औषध थांबल्यामुळं औषधाचा त्रास थांबला होता. आत रोग काय करत होता ते कुणाला दिसत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी खोकला परत आला. पत्रू पुन्हा नारळ घेऊन गेला. अंगात मुरलेलं औषध आता बाहेर पडून राह्यलं का, असं महाराजांनी विचारलं आणि काच उजळली, म्हणजे भिण्याचं कारण नाही.

गावात एकच माणूस त्या मांडवात जात नसे. बुधू. तो गावचा भूमक, म्हणजे गावदेवाची पूजा करणारा. मी त्याला कारण विचारलं तेव्हा तो तंबाखू मळता मळता म्हणाला, “आमचा देव ऐकते. असा पटपट जबाब देत नाई.” पण लोकांना जबाबच हवा होता, आणि तोही पटकन.

होळीच्या सुटीत मी बल्लारपूरला घरी आलो. शाळेचा टेपरेकॉर्डर बिघडला होता, तो घेऊन गफ्फारभाईंच्या दुकानात गेलो. रेडिओ, टीव्ही, पंखे, मिक्सर, सगळ्याची दुरुस्ती ते करत. पुढं दुकान, मागं घर, मध्ये फुलाफुलांचा एक पडदा. आमची दहा वर्षांची ओळख. मन मोकळं करावं म्हणून मी त्यांना मोहटोल्याच्या दिव्याचं सांगत बसलो. ते डाग देण्याची तापलेली सळई हातात धरून ऐकत होते. मी तार नाही म्हणालो तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली.

“लागते वेळी टक असा आवाज येते का?” त्यांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. नाही, आवाज कधी ऐकला नव्हता.

“माणूस कसा आहे दिसाले? डाव्या भुवईवर कापल्याची खूण आहे का?”

होती. मी तसं सांगितलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्यांच्या बायकोला, शमीमभाभींना, संधिवातानं सात-आठ वर्षांपूर्वी पलंगाला खिळवलं. बोटं वाकडी झाली, उठवत नव्हतं, भिंतीवरचा खटका दाबणं तर दूरच. बल्लारपूरचा उन्हाळा, डोक्यावर पंखा असून तो लावता येत नाही. नवरा गिऱ्हाइकात गुंतलेला, त्याला दर वेळी हाक मारायची त्यांना लाज वाटे. म्हणून गफ्फारभाईंनी पलंगावरून चालवता येईल असा खटका शोधायचं ठरवलं. नागपूरला सीताबर्डीवर जाऊन त्यांनी स्वस्तातले तीन प्रकार आणले आणि महिनाभर घरात लावून पाहिले.

पहिला टीव्हीच्या रिमोटसारखा होता. पंख्याच्या पेटीकडं नेमका रोखून धरावा लागे, मध्ये पांघरूण आलं की चालत नसे, आणि वाकड्या बोटांनी नेम धरता येत नव्हता. दुसरा रेडिओवर चालणारा, पण लाईट जाऊन परत आली की पंखा बंदच राही, आणि त्या वर्षांत लाईट दिवसातून चारदा जायची. तिसरा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत चांगला निघाला. तोही रेडिओचा. रिमोट उशीखाली असो की पदराखाली, बटण दाबलं की हवेतून इशारा जायचा, पेटीतला रिले, म्हणजे विजेनं चालणारा छोटा खटका, टक करून चिकटायचा आणि पंखा सुरू व्हायचा. पुन्हा दाबलं की बंद. पेटी बॅटरीवरही चालायची. त्यात एकच खोट होती. कंपनीतून निघालेले सगळे नग एकाच इशाऱ्यावर चालायचे. आतल्या पट्टीवर तीन-चार ठिकाणी डाग देऊन इशारा बदलता यायचा, पण ते कुणी करत नसे. म्हणजे एकाच्या रिमोटनं दुसऱ्याचा पंखा लागला असता. बल्लारपुरात दुसरा होताच कुठं, म्हणून गफ्फारभाईंनीही ते केलं नाही. त्यांनी दोन नग आणले. एक भाभींना लावून दिला आणि त्यांच्या बोटाला सापडावं म्हणून रिमोटच्या बटणावर कोटाचं मोठं बटण चिकटवलं. दुसरा दुकानात ठेवला.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास एक माणूस रेडिओ दाखवायला आला आणि पडद्याआडून पंखा लागताना त्यानं पाहिला. त्यानं सांगितलं, बाप लकव्यानं पडून आहे, गावात वीज नाही, अंधारात म्हातारा घाबरतो, बॅटरीवर एक छोटा बल्ब त्याला स्वतःला लावता आला तर फार बरं होईल. गफ्फारभाईंच्या काळजाला ते लागलं. त्यांनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला, कोणता प्रकार घ्यावा आणि का, मोटरसायकलची बॅटरी कशी जोडावी, सगळं समजावलं आणि दुकानात ठेवलेला तो दुसरा नग त्याला विकला. त्या माणसानं दोनच गोष्टी विचारल्या. चादरीखालून चालेल का? आणि तो टक आवाज बंद होईल का, बाप दचकतो?

“मीच रिलेले कापूस गुंडाळून देल्ला, गुरुजी,” गफ्फारभाई म्हणाले. “माझ्या हातानं. दुवा देऊन गेला तो मले.”

पडद्यामागून शमीमभाभींचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्या. “ती बाई आता कशी आहे?”

खोकते, काल थुंकीत रक्त पडलं म्हणतात, असं मी सांगितलं.

मी गफ्फारभाईंना सोबत चला म्हणणार होतो, पण थांबलो, आणि का थांबलो ते त्यांनाही कळलं. त्यांनीच ते बोलून दाखवलं. आपण मुसलमान माणूस, दुसऱ्यांच्या देवाच्या मांडवात जाऊन देव खोटा आहे असं कसं म्हणायचं, आणि म्हटलं तर उद्या हे दुकान राहील का? मी त्यांना धीर देऊ शकलो नाही. भीती खोटी नव्हती.

“देवाले खोटं नका म्हणू,” भाभी आतून म्हणाल्या. “बटन दाबा फक्त.” मग थोडं थांबून त्यांनी सांगितलं, “माझाच रिमोट घेऊन जा. दोन-चार दिवस पंखा नसला तर मी मरत नाई. ती मरन.”

पुढच्या मंगळवारी आम्ही दोघं मांडवात मागच्या बाजूला बसलो. गफ्फारभाईंनी साधा सदरा घातला होता, हात खिशात. पुढं एक बाई आली, मुलीचं लग्न चामोर्शीकडच्या स्थळाशी करावं का असं विचारत होती. महाराजांनी डोळे मिटून विचारलं, काच काळी राहिली. “नाई म्हंते देव,” असं म्हणत महाराजांनी डोळे उघडले, तर काच लख्ख उजळलेली.

महाराज जरा गोंधळले. बसल्या जागी किंचित हलले. काच विझली. गफ्फारभाईंच्या खिशात बोट हललं, ती पुन्हा लागली. विझली. लागली. महाराजांनी देवाची नाराजी, मांडवात कुणीतरी विटाळ घेऊन आलं, असं काही सुरू केलं, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि लोक एकदा त्यांच्याकडं, एकदा दिव्याकडं बघत होते.

गफ्फारभाई उठले. लोकांमधून वाट काढत पुढं गेले आणि महाराजांच्या समोर उभे राहिले.

“महाराज,” ते म्हणाले, “वडील कसे आहेत तुमचे?”

त्या माणसानं त्यांना ओळखलं. ते ओळखणं शंभर माणसांनी पाहिलं. मग तो ओरडू लागला की हा परधर्माचा माणूस तुमच्या देवावर करणी करून राह्यला. चार-दोन तरुण उठलेही. मी मध्ये गेलो, काय बोललो ते आठवत नाही. गफ्फारभाईंनी वाद घातला नाही. त्यांनी खिशातून रिमोट काढला, कोटाचं बटण चिकटवलेला, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पत्रूच्या हातात ठेवला.

“हे माझ्या बायकोचं आहे, भाऊ,” ते म्हणाले. “ती याच्यानं पंखा लावते. दाबून पाहा.”

पत्रूनं दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. तो दाबतच राहिला, पाच-सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी देवानं त्याचं ऐकलं.

तेवढ्यात ताडपत्री बाजूला करून बुधू आत आला. बाहेर उभा राहून त्यानं सगळं पाहिलं होतं. “पेटी उघडा,” तो म्हणाला. “देव असन तर झाकण काढल्यानं पळून जात नाई.”

समई उचलली. पेटीचं झाकण निघालं. आत मोटरसायकलची बॅटरी होती, दोन तारा होत्या, आणि कापसात गुंडाळलेली एक छोटी डबी. गफ्फारभाईंनी कापूस सोडला. आता पत्रूनं बटण दाबलं तेव्हा पेटीतून टक असा आवाज आला, आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. चादर उचलली तेव्हा खाली तसाच दुसरा रिमोट सापडला, बरोबर टाचेखाली. तळहात उघडे ठेवून बसण्याचं कारण ते होतं. आठवड्याच्या शेवटी मंद होणारी भक्ती म्हणजे उतरलेली बॅटरी होती आणि मौन म्हणजे आष्टीला जाऊन ती भरून आणणं.

पत्रू अजून रिमोट धरून उभा होता. त्यानं महाराजांना हळू आवाजात विचारलं.

“मंग माझ्या बाईच्या येळेस कोनं दाबलं?”

लोकांनी त्या महाराजाला मारू नये म्हणून आम्ही त्याला शाळेच्या खोलीत बसवलं आणि पोलिसांना निरोप धाडला. पुढं कळलं की त्याचं नाव मुखरू, आधी तो लग्नांत आणि ऑर्केस्ट्रात दिव्यांच्या माळा लावायचा. त्यानं जबाबात सांगितलं की मी कुणालाही औषध सोडा म्हटलं नाही, मी फक्त विचारत होतो. हे त्यानं फार गंभीरपणे सांगितलं.

अशा गोष्टी इथं संपल्या तर बरं असतं. ही संपली नाही.

दुसऱ्याच दिवशी सोमारीला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं कागद पाहिले आणि पहिला प्रश्न केला, गोळ्या का थांबवल्या? पत्रूनं लाल लघवीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, तो त्यातल्या एका गोळीचा रंग आहे, ज्याला ज्याला ती देतात त्याला लाल होते, ते रक्त नव्हतं, औषध पोटात गेल्याची ती खूण होती.

“हे आधी कोनी काऊन नाई सांगितलं?” पत्रूनं विचारलं.

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. तिला गोळ्या कशा गिळायच्या ते सांगितलं होतं, किती दिवस ते सांगितलं होतं, चुकवू नको असं दहादा बजावलं होतं. एवढी एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. मी तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेलो, थुंकीची चिठ्ठी हातात धरून बसलो, आणि या गोळ्यांनी काय काय होतं हे विचारायचं मलाही सुचलं नाही. आम्ही एक जागा रिकामी सोडली होती आणि तो माणूस दिवा घेऊन नेमका तिथं येऊन बसला.

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. आधी अर्ध्यावर सोडलेल्या औषधातून जे जंतू वाचले होते ते आता त्या गोळ्यांना जुमानत नव्हते. नंतर नागपूरला नेलं. पत्रूनं बैलजोडीतला एक बैल विकला, पण सोमारीचं वजन उतरतच गेलं. ऑगस्टमध्ये ती म्हणाली मला घरी न्या. धान लोंबीवर आलं तेव्हा, सप्टेंबरात, ती गेली. तिला तिसावं की एकतिसावं वर्ष होतं, नक्की कुणाला माहीत नव्हतं. करिश्मा तेव्हा सातवीत होती. आईला माती देऊन आल्यावर तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन सगळी भांडी घासली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. आम्ही तिला थांबवलं नाही.

चार दिवसांनी गफ्फारभाई एसटीनं मोहटोल्याला आले. मी त्यांना पत्रूच्या अंगणात घेऊन गेलो. ते खाटेवर बसले नाहीत, पत्रूसोबत जमिनीवर बसले. त्यांनी सांगितलं की तो खटका मीच विकला होता, आवाज येऊ नये म्हणून कापूस मीच गुंडाळला होता. मांडवात ते हे बोलले नव्हते आणि तेव्हापासून ते त्यांच्या छातीवर बसलं होतं.

पत्रू काडीनं जमिनीवर रेघा मारत होता.

“तुमी तो बायकोसाठी शोधला होता ना?” त्यानं विचारलं.

गफ्फारभाईंनी मान हलवली.

“मीबी बायकोसाठीच गेलो होतो दिव्याकडे,” पत्रू म्हणाला.

ऊन अंगणातून सरकत कुडाच्या भिंतीवर गेलं. करिश्मानं पाणी आणून दिलं ते दोघं प्याले.

पुढच्या वर्षी बुधूला खोकला सुरू झाला. पंधरा दिवस झाले, थांबेना. या वेळी मला काही करावं लागलं नाही. पत्रू त्याला सायकलवर बसवून थुंकी तपासायला घेऊन गेला, आणि क्षय निघाला तेव्हा पहिल्या गोळ्यांच्या दिवशी त्याच्यासोबत उपकेंद्रात बसला. मीही गेलो होतो.

हे लिहिताना मला वाचणाऱ्याला एकच सांगायचं आहे. लोक भोळे असतात म्हणून फसतात असं आपण शहाणे सहज म्हणतो. पत्रू भोळा नव्हता. त्याला भीती वाटली होती आणि त्या भीतीला उत्तर हवं होतं. दिव्यानं ते खोटं दिलं आणि आम्ही खरं दिलं नाही. चमत्कार दिसला तर त्याची पेटी उघडून बघा, तो तुमचा हक्क आहे. जो उघडू देत नाही त्याच्यापासून उठून जा. आणि औषध असो, सरकारी कागद असो की माझ्यासारखा मास्तर, समजेपर्यंत विचारत राहा. ज्यांच्याजवळ खरं उत्तर आहे त्यांनी ते कंटाळा न करता द्या, नाहीतर त्या जागी दुसरा कुणी बसतो.

सिस्टरनं बुधूच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या. बुधूनं त्या गिळल्या नाहीत. एकेक उलटून पाहत तो विचारायला लागला. ही कोणती, ती काय करते, आत जाऊन कुठं जाते, मळमळलं तर काय करायचं, मोहाची दारू प्यायली तर चालेल का, सहाच महिने का, पाच का नाही. अर्धा तास होत आला. बाहेर लस टोचायला आणलेल्या लेकरांची रांग वाढत होती आणि सिस्टर घड्याळाकडं पाहत म्हणाली की आता गीळ, बाकीचं परवा सांगते.

भिंतीला टेकून बसलेला पत्रू पुढं सरकला.

“नाई बाई,” तो म्हणाला. “विचारू द्या त्याले.”